एकटीनं पाच दिवस गावात राहायचं, तर आधी वार ठरवा, मग घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोरिवलीत राहता, बँकेत नोकरी करता, वय सेहेचाळीस, गाडी चालवत नाही. पाच दिवसांची रजा मिळते आहे. स्थळं बघायची नाहीत, डोंगर चढायचा नाही, कुणाची सोबत नको. गावात एखादं लहानसं घर किंवा खोली घेऊन वाचायचं, झोपायचं, सकाळ-संध्याकाळ चालायचं. घरच्यांची हरकत नाही, पण काळजी आहे. मागे मैत्रिणींबरोबर एका फार्महाऊसवर गेला होतात, तेव्हा शेजारच्या बंगल्यातल्या गाण्यांनी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून यंदा कुठे जावं, असं विचारता आहात.

मी दादरला राहते. मुंबईच्या माणसांची गावातल्या घरांमध्ये राहायची सोय लावून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. एकटं जाणाऱ्या माणसासाठी, आणि विशेषतः एकट्या बाईसाठी, घर शोधताना मी सगळ्यात जास्त वेळ घेते. चार जणांचा गट जागा वाईट निघाली तरी एकमेकांच्या सोबतीनं वेळ काढतो. एकट्या माणसाला तेवढाही आधार नसतो.

कुठे जावं, हे मी शेवटी सांगते. कारण गाव हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मुंबईपासून दीडशे-दोनशे किलोमीटरच्या टापूतलं जवळपास प्रत्येक गाव मंगळवारी दुपारी शांत असतं आणि त्यातली कितीतरी शनिवारी रात्री नसतात. लांब गेलं की शांतता मिळते असं बहुतेकांना वाटतं. आठ तास प्रवास करून, समुद्रकाठच्या आडगावात, बाहेर लावलेल्या गाड्यांच्या डिक्कीतली गाणी ऐकत बसलेली माणसं मला माहीत आहेत. आणि आसनगाव स्टेशनापासून तासाभरावरच्या वाडीत पाच दिवस पाखरांशिवाय काही न ऐकलेलीही माहीत आहेत. फरक पडतो तो वारानं आणि घरानं.

वाराचं सोपं आहे. रविवारी निघा, शुक्रवारी परत या. रविवारी दुपारी सगळी गर्दी मुंबईकडे येत असते, तुम्ही उलट दिशेनं जाता. घरी पोचता तेव्हा शनिवारचे पाहुणे गेलेले असतात, त्यांच्या चादरी अंगणात वाळत असतात आणि घरातली माणसं जरा मोकळी झालेली असतात. पुढचे चार-पाच दिवस बहुधा तुम्ही एकट्याच पाहुण्या असता. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा गाड्या यायला लागतात, त्याआधी निघायचं. सोमवार ते शुक्रवार ही तुमची रजा त्यात बरोबर बसते. फक्त शुक्रवार किंवा सोमवारला जोडून सुट्टी आलेला आठवडा घेऊ नका.

महिन्याला जरा जास्त विचार लागतो. माझी पहिली पसंती पितृपक्षाला. गणपती संपलेले असतात, चाकरमानी परतलेले असतात, लग्नं नसतात आणि बरेच लोक या दिवसांत मौजेचा प्रवास टाळतात. पाऊस ओसरत आलेला असतो, भातं पसवलेली असतात, ओहोळांना अजून पाणी असतं, ऊन-सावली चालू असते. मी स्वतःसाठी म्हणून जाते तेव्हा बहुतेक वेळा हेच दिवस धरते. एकच विचारून घ्यायचं, की त्या आठवड्यात घरात म्हाळ आहे का. असेल तर तो दिवस टाळून तारखा घ्याव्यात किंवा त्या दिवशी घरच्यांच्या कामात अडचण होणार नाही असं बघावं.

त्यानंतर संक्रांत झाल्यापासूनचे चार-पाच आठवडे. आंब्याला मोहोर आलेला असतो, सकाळी धुकं असतं, दुपारी अंगणात बसवतं. मार्चचा पहिला पंधरवडाही चांगला, कारण मुलांच्या परीक्षांमुळे कुटुंबं घरात असतात. पण तेव्हा शिमगा कधी आहे ते पाहून ठेवा. कोकणात शिमग्याला गाव भरलेलं असतं, पालखी घरोघर फिरते, ढोल रात्री उशिरापर्यंत वाजतात. तो सोहळा एकदा नक्की बघावा, फक्त या रजेत नको.

कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत अनेक गावांत पहाटे काकडा असतो आणि तो बहुधा लाऊडस्पीकरवर असतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. रायगड, ठाणे, पालघर या पट्ट्यात लग्नापेक्षा हळदीची रात्र जास्त गाजते. कायद्यानं रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे, पण आनंदात असलेल्या वाडीत जाऊन तो कायदा सांगण्यात अर्थ नसतो. तारखा आधी कळल्या तर तो आठवडा टाळता येतो, आणि घरमालकाला त्या नेमक्या माहीत असतात. भातं निघाल्यावर रिकाम्या झालेल्या शेतांत क्रिकेटच्या स्पर्धा होतात, त्यांचं धावतं वर्णन दिवसभर कर्ण्यावरून चालतं. बाहेरच्या माणसाला हे सुचतही नाही, म्हणून आवर्जून सांगते: डिसेंबरनंतर जाणार असाल तर ‘शेजारच्या माळावर मॅच आहेत का’ हे विचाराच.

नाताळ ते एक जानेवारी आणि मे महिना हे दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत. मे महिन्यात कोकणातलं प्रत्येक घर माणसांनी भरलेलं असतं, उकाडा असतो, आणि आंब्याच्या बागांत वानरांना पळवायला दिवसा फटाके आणि रात्री राखणदारांचे डबे वाजतात.

पावसाळ्याबद्दल मात्र मला गंभीरपणे बोलायचं आहे. भर पावसात कौलारू घरात पुस्तक घेऊन बसणं यासारखं सुख नाही, हे मलाही मान्य आहे. पण माळीण हे गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला आणि इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही ठिकाणी सलग मुसळधार पाऊस आणि वर तीव्र उताराचा डोंगर होता. पाणी मुरून मुरून माती जड होते, तिची खालच्या खडकावरची पकड सुटते आणि उतार खाली येतो. चिपळूणचा महापूरही त्याच २२ जुलै २०२१ चा. म्हणून जुलै आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मी कुणालाही डोंगराच्या कुशीतलं किंवा नदीकाठचं घर देत नाही, कितीही सुंदर असलं तरी. पाऊसच हवा असेल तर ऑगस्टच्या अखेरीस, सपाटीवरच्या गावात जा आणि निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पाहा. रेड अलर्ट असेल तर जाणं पुढे ढकला. पैसे गेले तरी चालतील.

आता घर. इथे माझा एक हट्ट आहे: घरमालकाचं कुटुंब हाकेच्या अंतरावर राहत असलं पाहिजे. ‘आजूबाजूला कुणीही नाही’ असं जाहिरातीत लिहिलेलं घर एकट्या माणसानं घेऊ नये. दिवसा ते फार छान वाटतं. रात्री नऊ वाजता वीज जाते, बाहेर पाचोळ्यात काहीतरी हलतं, राखणीला ठेवलेला माणूस संध्याकाळीच आपल्या घरी गेलेला असतो, आणि मग पहाटेपर्यंत झोप येत नाही. झोपेसाठीच गावी गेलेल्या बाईची रात्र अशी जाता कामा नये. तेच शेजारच्या घरात कुणी आजी खोकते आहे, गोठ्यातली म्हैस दावं ओढते आहे, एवढं कानावर असलं की मनातली धास्ती जाते. तुम्हाला सुटका हवी आहे ती वर्दळीपासून. माणसांपासून इतकं लांब जायची गरज नाही.

म्हणजे नेमकं कसं घर? एकाच अंगणात पण वेगळ्या दाराची खोली, किंवा आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीत, मालकांच्या घरापासून पन्नास-साठ पावलांवर बांधलेली दोन खोल्यांची जागा. स्वतःचं न्हाणीघर आणि संडास. बसायला स्वतःची पडवी, कारण पाच दिवसांतला निम्मा वेळ तुम्ही तिथेच काढणार आहात. पडवीतून काय दिसतं याचा फोटो मागवा. खोलीच्या आतले फोटो सगळे पाठवतात, बाहेर बघितल्यावर काय दिसतं ते कुणी पाठवत नाही. पुढ्यात भिंत किंवा गाड्या लावायची जागा असेल तर ते घर सोडा.

छप्पर कशाचं आहे हे विचारा. कौलं असतील तर उन्हाळ्यात खोली निवते आणि पावसाचा आवाज सोसवेल इतकाच येतो. पत्रा असेल तर मार्चपासून दुपारी आत बसवत नाही आणि जोराच्या सरीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पत्र्याखाली लाकडाची किंवा बांबूची तक्तपोशी असेल तर चालतं. स्लॅबची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. वानरांचा उपद्रव असलेल्या भागात मात्र कौलांवरून त्यांची धावपळ पहाटेच सुरू होते, त्याची तयारी ठेवा.

पोहण्याचा तलाव, ‘रेन डान्स’, ‘ग्रुपसाठी खास दर’ यांपैकी काहीही जाहिरातीत दिसलं की पुढचं वाचू नका. ती जागा वाईट असेल असं नाही, पण ती दंगा करायला येणाऱ्यांसाठी बांधलेली आहे. कर्जत, खोपोली, लोणावळा, पवना धरणाचा काठ, अलिबाग-नागावचा किनारा इथली बरीचशी घरं आता याच प्रकारची झाली आहेत. पवनेच्या काठावर तंबू लावणाऱ्यांची गाणी पाण्यावरून पलीकडच्या तीरापर्यंत जातात.

घर पसंत पडलं की फोन करा, मेसेजवर ठरवू नका. फोन संध्याकाळी साडेसातनंतर करा, कारण तेव्हा घरामागचे आवाजही तुम्हाला ऐकू येतात. मग शांतपणे विचारा. रस्ता किती लांब आहे, आणि त्यावर चढ आहे का? चढावर डंपर पहिल्या गिअरमध्ये जातो तेव्हा त्याचा आवाज अर्ध्या किलोमीटरवर येतो. जवळ चिरेखाण किंवा खडी क्रशर आहे का? रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा दगड कापायची यंत्रं सकाळपासून चालतात, आणि ज्याचं बालपण त्या आवाजात गेलं त्याला तो सांगावासाही वाटत नाही. बागेत ग्रासकटर कधी लावणार? पावसानंतर रान काढायचं काम दोन-तीन दिवस चालतं, ते तुमच्या आधी किंवा नंतर उरकायची विनंती केली तर बहुतेक जण आनंदानं ऐकतात. शेजारी कुणाचं बांधकाम चालू आहे का? देवळात सप्ताह बसणार आहे का? वीज कुठल्या वारी जाते? दुरुस्तीसाठी म्हणून ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एका ठरावीक वारी काही तास वीज नसते.

तुम्ही पहिल्यांदाच एकट्या जाता आहात, म्हणून घर शक्यतो पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेलं घ्या. राज्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे आणि २०२० पासून कृषी पर्यटनाचं वेगळं धोरण आहे. दोन्हींत नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं. नोंद नसलेली उत्तम घरं मला ठाऊक आहेत, पण ओळखीशिवाय पहिल्यांदा जाणाऱ्याला कागद पाहायला मिळाला की घरच्यांचीही काळजी कमी होते.

आता थोडं अवघड बोलते. तुम्ही फोनवर ‘एकटीच येणार’ म्हटल्यावर पलीकडे क्षणभर कुणी बोलणार नाही. मग ‘मिस्टर येणार नाहीत का?’, ‘काही कामानिमित्त का?’ असे प्रश्न येतील. काही जण सरळ ‘खोली नाही’ म्हणतील. याचा राग येतो, मलाही येत असे. पण त्यामागची भीती समजून घ्या. एकटं, गप्प, पाच दिवस खोलीत राहायला आलेलं माणूस दुःखात असेल, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, ही धास्ती गावातल्या यजमानांच्या मनात खरोखर असते, आणि तसं कुठे घडल्याचं त्यांच्या कानावर आलेलं असतं. म्हणून आपणच आधी मोकळं बोलावं: ‘मी बँकेत आहे, कामाचा ताण फार झालाय, वाचायला आणि झोपायला येतेय. घरी नवरा-मुलगा आहेत, त्यांचा नंबर देते, तुम्ही बोलून घ्या.’ मग घरमालक आणि तुमचा नवरा दोन मिनिटं बोलले की दोन्हीकडची काळजी मिटते. एकट्या पुरुषालाही मी हेच सांगते. आणि खरोखरच मन फार खचलेलं असेल, रात्री झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकटीनं गावी जाऊ नका. आधी डॉक्टरांना भेटा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरी घरमालकीणबाई आहेत ना, हे जरूर विचारा, आणि शेवटचं ठरवणं त्यांच्याशीच बोलून करा. जेवण त्याच करणार असतात, घर त्याच चालवतात, आणि तुम्ही कशासाठी येताय हे त्यांना कळलं की तुमचा एकांत त्याच सांभाळतात. ‘ताई वाचत बसल्यात, उगाच हाका मारू नका’ असं पोरांना दटावणारी बाई घरात असली की निम्मं काम झालं.

पैशाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा घरांचा दर बहुतेक वेळा माणशी असतो आणि एका माणसासाठी चूल पेटवणं त्यांना परवडत नाही. एका माणसाचा स्वयंपाकही चार माणसांइतकाच वेळ खातो. म्हणून घासाघीस करण्याऐवजी ‘खोलीचं पूर्ण भाडं देते, आणि जेवायला घरात जे शिजेल तेच द्या’ असं सांगा. त्यांचा वेगळा स्वयंपाक वाचतो आणि तुम्हाला खरं जेवण मिळतं: सकाळी घावन किंवा मऊभात-मेतकूट, दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, परसातली भाजी, सोलकढी. पाहुण्यांसाठी म्हणून केलेलं पनीर कुणालाच नको असतं. शाकाहारी असाल, काही पथ्य असेल, तर आधीच सांगा. चहा-कॉफी करायला खोलीत किटली मागून घ्या म्हणजे पहाटे पाचला जाग आली तर कुणाला उठवावं लागत नाही.

स्वतः स्वयंपाक करायचा विचार असेल तर पहिल्या खेपेला करू नका. पाच दिवसांच्या सुट्टीत वाणसामान, गॅस, भांडी हे सगळं पुन्हा मागे लागतं, आणि बायकांची सुट्टी तिथेच संपते.

आता कुठे. तुमच्यासाठी मी तीन पट्टे सांगेन.

पहिला डहाणू, बोर्डी, घोलवड. बोरिवलीहून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, आरक्षणाची कटकट नाही, आणि काही बिनसलं तर तीन तासांत घरी पोचता. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. त्यामुळे नव्या उद्योगांवर निर्बंध राहिले आणि चिकूच्या वाड्या टिकल्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. जुन्या इराणी-पारशी कुटुंबांच्या वाड्यांत राहायच्या खोल्या मिळतात. झाडी दाट, जमीन सपाट, समुद्र चालत जाण्याजोगा. पहिल्यांदा एकट्या जाणाऱ्या, आणि घरच्यांना धीर द्यायचा असलेल्या बाईला मी बहुतेक वेळा इथेच पाठवते.

दुसरा दापोली, मंडणगड, गुहागर तालुक्यांतला किनारा. आंजर्ले, केळशी, वेळास, वेळणेश्वर, हेदवी अशा गावांत नारळी-पोफळीच्या आगरांतली घरं. शनिवार-रविवारी इथे गर्दी होते, सोमवारी गाव आपलं आपलं असतं. वेळासला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशीही पाहुणे असतात, हे ध्यानात असू द्या. किनाऱ्याच्या गावात घर घेताना समुद्रासमोरचं मागू नका. गाड्या, घोडे, वडापावची टपरी हे सगळं तिथेच असतं. दोन गल्ल्या आत, आगरात राहा आणि समुद्रावर पहाटे जा.

तिसरा पट्टा माझा सगळ्यात आवडता, आणि जाहिरातीत तो सापडत नाही: लांजा, राजापूर, कणकवली तालुक्यांतली आतली गावं. समुद्र नाही, किल्ला नाही, ‘पॉइंट’ नाही, म्हणून पर्यटकही नाही. जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या, उतारावर एकाखाली एक घरं, खाली वहाळ, वर कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार. सप्टेंबरच्या अखेरीस सड्यावर अजून रानफुलं असतात. सकाळी पाखाडीनं वर जायचं, सड्यावर तासभर चालायचं, ऊन तापायच्या आत खाली यायचं, न्हाणीघरात बंबाचं कढत पाणी अंगावर घ्यायचं. एवढ्यात दिवसाचं काम संपतं. अशा गावांत घरं ओळखीतूनच मिळतात. तुमच्या शाखेत, इमारतीत, तिथलं कुणी ना कुणी असतंच. मुंबईत कोकणातल्या आतल्या गावचा माणूस शोधायला दोन दिवसांच्या वर लागू नयेत. गावच्या घरी काका-काकू राहत असतील आणि एक खोली रिकामी असेल, तर रीतसर पैसे ठरवून राहता येतं. पैसे घ्यायला संकोच करतील, पण ठरवूनच जा. फुकट राहिलं की पाहुणचार सुरू होतो, आणि पाहुणचारात एकांत मिळत नाही.

थंडीत घाटमाथा हवा असेल तर जव्हार किंवा अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याच्या आसपासचं गाव बघा. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जूनमध्ये, भंडारदऱ्याकडे फिरकू नका, रात्रभर गाड्यांची रांग असते.

प्रवासात उजेडी पोचणं हा नियम पाळा. मांडवी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीहून सुटते आणि दुपारी रत्नागिरीला पोचते, पुढच्या गावाला जायला हातात वेळ राहतो. आता रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणून तारखा त्याच्या आत पक्क्या हव्यात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालवतात. पितृपक्षात तुम्ही याच काळात जाणार, तेव्हा वेळा पुन्हा तपासा. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, राजापूरसाठी राजापूर रोड. ही स्टेशनं गावांपासून दूर आहेत, राजापूर रोड तर बरंच दूर. यजमानांना सांगून ओळखीची रिक्षा बोलावून ठेवा आणि भाडं आधी विचारा.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षानं बघते: त्या गावात वस्तीची एसटी आहे का? संध्याकाळी येते, चालक-वाहक गावातच मुक्काम करतात आणि सकाळी तीच गाडी तालुक्याला परत जाते. ज्या गावात वस्तीची गाडी आहे तिथून कुणावर अवलंबून न राहता सकाळी निघता येतं. पाच दिवसांत तिची गरज पडेलच असं नाही, पण ती आहे हे माहीत असल्यानं एकट्या माणसाला फार मोकळं वाटतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहेच.

सामानात जाड तळाचे बंद बूट, चांगली बॅटरी, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, ओडोमॉस, आणि रोख रक्कम घ्या, कारण नेटवर्क नसलं की गूगल पे चालत नाही. कोणत्या कंपनीची रेंज घरात येते आणि कोणती फक्त वरच्या वळणावर, हे यजमानांना विचारा. घरच्यांशी रोज एकाच ठरलेल्या वेळी एक फोन, असा करार करा. त्या वेळेला फोन आला नाही तर त्यांनी यजमानांना करायचा. उरलेला दिवस फोन बंद ठेवता येतो, आणि तुम्ही त्यासाठीच चालला आहात.

कोकणात, त्यातही रत्नागिरी-सिंधुदुर्गात, फुरसं हा लहानसा विषारी साप दगडांत आणि पालापाचोळ्यात असतो. नाग, मण्यार, घोणस आहेतच. घाबरायचं काही नाही, काही सवयी लावून घ्यायच्या. अंधारात बॅटरीशिवाय अंगणातही जायचं नाही. दगडात, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. जमिनीवर झोपायचं नाही. सकाळी बूट झटकून घालायचे. साप चावलाच तर जागा कापू नका, आवळून बांधू नका, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात जा. लाल विंचवाचा दंशही गंभीर असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून वाचणाऱ्यांचं प्रमाण फार वाढलं आहे, पण डॉक्टरकडे वेळेत पोचलं पाहिजे. म्हणून पहिल्याच संध्याकाळी यजमानांना विचारून जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि रात्री गाडी कुणाची मिळते, हे वहीत लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

दिवस कसे जातील, तेही सांगते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. पहिले दीड-दोन दिवस करमत नाही. हात फोनकडे जातो, घरी काय चाललं असेल हे सुचत राहतं, दुपार संपता संपत नाही, आपण उगाच आलो असं वाटतं. मंगळवारी सकाळी परत जावं का, असा फोन मला अनेकींनी केला आहे, आणि मी प्रत्येकीला बुधवारपर्यंत थांबा म्हटलं आहे. बुधवारपासून झोप बदलते. म्हणूनच दोन रात्रींसाठी एकटीनं जाण्यात मला अर्थ वाटत नाही. मन लागायच्या आतच बॅग भरावी लागते. त्या पहिल्या दोन दिवसांसाठी हाताला काम न्या: विणकाम, सुईदोरा, जुनी पत्रं लावणं, काहीही. पुस्तकं दोनच न्या, आणि त्यातलं एक आधी वाचलेलं असू द्या. यजमानीणबाई काजूगर सोलत असतील, चिंचा फोडत असतील, तर दुपारी तासभर त्यांच्याजवळ जाऊन बसा. फार बोलावं लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी हिशोब उरकून टाका, म्हणजे शुक्रवारी सकाळी घाई होत नाही. ज्या बाईनं तुमची खोली झाडली तिच्या हातात वेगळे पैसे द्या, मालकांमार्फत नको. आणि परतीचं तिकीट शुक्रवारचंच ठेवा. शनिवार-रविवार घरी हातात राहिले की कपडे धुऊन, आराम करून, सोमवारी बँकेत जाता येतं.